राजाकडे जायचे कपडे

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. कोपरे चेपलेत, कडी करकरते, पण पोट अजून मजबूत आहे. खोड एकच, मला नसत्या चौकशा फार!

आजीच्या लग्नात मी तिच्याबरोबर आले. पुढे लढाया झाल्या आणि तिचं बिऱ्हाड पुन्हा पुन्हा हललं. प्रत्येक सरहद्दीवर शिपाई माझं झाकण उघडायचे, सगळं उलथंपालथं करायचे आणि विचारायचे, "तुम्ही कुठल्या?"

"प्रभूच्या राज्यातली. इथं नुसती वस्तीला आहे," आजी सांगायची. शिपाई हसायचे. मी मात्र विचारात पडायचे. कुठे असेल हे राज्य? तिथेही माझी झडती घेतील का?

शेवटी या गावात जिन्यावरची एक खोली मिळाली. आजीने माझ्या तळाशी एक मऊ पांढरा झगा ठेवला. शेवटच्या प्रवासाला तोच घालायचा, असं तिने घरात बजावलं होतं. "राजाकडे जायचे कपडे," म्हणत ती त्याला अधूनमधून ऊन दाखवायची. तिच्या नातीला, भिंगरीला, वाटलं की आजी खरंच गावाला निघालीय. तिने गुपचूप आपल्या चपला आणि बिस्किटांचा पुडा माझ्यात कोंबला. मुंग्या झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, बोलणी मला खावी लागली.

एका थंडीत जिन्याखाली नवीन राहायला आलेली बाई बाळंत झाली. बिचारी नेसत्या कपड्यांनिशी आली होती. बाळ गारठून निळं पडू लागलं. आजी धावत वर आली, कडी काढली, झगा क्षणभर गालाला लावला आणि टर्रकन फाडला.

"आजी, आता तू राजाकडे काय घालून जाशील?" भिंगरी रडकुंडीला आली.

"अगं, माहेरी गेल्यावर कपडे कोण बघतं? आधी हे खाली ने."

बाळ वाचलं. वर्षभराने आजी गेली, कोपराला ठिगळ लावलेल्या रोजच्याच झग्यात. मला फार वाईट वाटलं.

हल्ली मी जिन्याखाली असते. त्या झग्यात गुंडाळलेलं बाळ आता मोठा पोरगा झालंय, माझ्यावर चढून नाचतं. मला अजून प्रश्न पडतो, त्या राज्याच्या दाराशी आजीला कुणी विचारलं असेल का, "तुमचं सामान कुठंय?" मला वाटतं, तिने खाली या पोराकडे बोट दाखवलं असेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या ट्रंकेच्या कडीला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. त्या दिवशी ती अडली असती तर?