नोहाच्या बायकोचं गाणं

"काकू, अजून थोडं आत सरका. कोटांना पाठ टेकू द्या."

साउंडवाल्याने सांगितलं तशा काकू कपाटात आणखी आत सरकल्या. लटकलेले कपडे आवाज शोषून घेतात, तेव्हा रेकॉर्डिंगला घरात याहून चांगली जागा नाही, असा त्याचा निकाल होता. मागे मास्तरांचे कोट, पुढे माईक आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "गाण्याला कसर तरी लागणार नाही."

मास्तर म्हणजे काकूंचे पती, चर्चच्या गायनमंडळाचे जुने प्रमुख. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. डाव्या हातात एक स्टीलचा चमचा तेवढा उरला. पाणी हवं असो, कूस बदलायची असो की नाकावर माशी बसलेली असो, पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजायचा आणि काकू "आले हं, आले!" करत हातातलं टाकून धावायच्या. त्यांचं आयुष्य त्या दांडीपासून हाकेच्या अंतरावर येऊन ठेपलं होतं. बाजारातसुद्धा त्यांचे कान घरीच असत.

दोघांची गाणी सगळी बायबलमधल्या गोष्टींवरची. शब्द काकूंचे, चाल मास्तरांची आणि नाव अर्थातच मास्तरांचं. "घर एकच आहे, नावं दोन कशाला?" असं ते म्हणत, आणि काकूंनाही तेव्हा ते पटायचं. नवं गाणं आधी काकू म्हणून दाखवत, मंडळ त्यांच्याकडून शिके, आणि रविवारी काकू मागच्या रांगेत उभ्या असत.

या गाण्याची मात्र चालसुद्धा काकूंचीच होती. नोहाच्या बायकोचं गाणं. जलप्रलय येतो, सगळे तारवात चढतात आणि देव बाहेरून दार लावून घेतो. एवढ्या मोठ्या गोष्टीत त्या बाईला नाव म्हणून नाही. आतल्या इतक्या जनावरांचं कोणी केलं असेल, हे काकूंना कोणी सांगायला नको होतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी शब्द दिला होता. आज रेकॉर्डिंग साफ झालं, तर काकूंचाच आवाज ठेवायचा. नाहीतर उद्या स्टुडिओत मंडळाची मुख्य गायिका गाईल आणि काकूंचा आवाज तिला चाल शिकण्यापुरता. आपलाच आवाज राहावा, हे काकूंना फार हवं होतं. इतकं, की त्यांनी ते नणंदेलाही सांगितलं नव्हतं, आणि नणंदेला न सांगता त्या घरात काही राहत नसे.

पहिल्या वेळी दुसऱ्या कडव्यातच चमचा वाजला. दुसऱ्या वेळी तिसऱ्या कडव्यात. दोन्ही वेळा काकू कपाटातून बाहेर पडल्या, उशी सारखी करून आल्या, पुन्हा आत शिरल्या. शेवटी मास्तरांजवळ बसलेल्या नणंदेने कंबर कसली.

"वहिनी, तू गा गं निवांत. दादाला काय हवं नको ते मी बघते. तोंडाला कुलूप लावून बसते, मग तर झालं?"

तिच्या तोंडाला कुलूप म्हणजे चमत्कारच. पण दार लागलं आणि खरोखरच शांत झालं. काकूंनी डोळे मिटले. आवाज आपसूक वर चढला. साउंडवाला एरवी मोबाईल चाळत बसायचा, त्यानेही मोबाईल पालथा ठेवला.

*पाणी ओसरले, दार उघडले, निघाले सारे जण,*
*आता तरी मला नावाने...*

टण्. टण्.

"आले हं, आले!"

हेडफोन खाली पडला, कपाटाचं दार धाडकन उघडलं, आणि काकू आतल्या खोलीच्या दारात जाऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. मास्तर गाढ झोपले होते. नणंद मांडीवर हात ठेवून बसली होती.

"काय गं? झालंसुद्धा?"

"चमचा वाजला ना?"

नणंदेने मूठ उघडून दाखवली. "अगं, चमचा माझ्याकडे आहे. ते केव्हाचे झोपलेत."

काकू परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. साउंडवाल्याने मागचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात टण् कुठेच नव्हतं.

"सोन्यासारखं चाललं होतं हो, काकू. जाऊ दे. शेवटचं कडवं तेवढं परत घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे, जोडून टाकतो."

"नको."

"अहो, का?"

"पुन्हा वाजेल."

"पण वाजलाच नव्हता!"

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि साउंडवाल्यासमोर रडायची लाजही वाटत होती. त्या उठून कोट सारखे करू लागल्या. "उद्या तिलाच गाऊ दे. चाल नीट कळतेय ना तिला, तेवढं बघ."

वायरी गुंडाळण्याआधी त्याने तपासण्यासाठी सगळं एकदा स्पीकरवर लावलं. आवाज खोलीभर पसरला. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे काकूंना माहीत नव्हतं. मागच्या रांगेत ते कळायची सोयच नव्हती. त्या एका कोटाची बाही हातात धरून ऐकत राहिल्या. तिसरं कडवं आलं, 'नावाने'पाशी तुटलं, हेडफोन पडला, आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, "आले हं, आले!"

"हे शेवटचं पुसतो," साउंडवाला म्हणाला.

काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून नणंदेची हाक आली, "वहिनी, दादा जागे झाले गं! तुझा आवाज ऐकून दाराकडे बघतायत. माझ्या हातातला चमचा ओढून घेतला बघ."

मग चमचा वाजला. या वेळी तो साउंडवाल्यालाही ऐकू आला.

काकूंनी बाही सोडली. कपाटाचं दार त्यांनी बाहेरून लावून घेतलं.

"आले हं," त्या म्हणाल्या. "आले."