तांबडीचं जुनं इंजिन

हणमंत मिस्त्रींना झटका आला त्याला दीड वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं आणि त्याच्या मागोमाग बोलणंही गेलं. सगळंच गेलं असतं तरी शुभदाबाईंनी गप सोसलं असतं, पण एक शब्द तेवढा मागं राहिला. व्हय. चहा घेताय? व्हय. नको का? व्हय. पाय दुखतोय? व्हय. का दुखत न्हाय? व्हय. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "त्यांना कळतं सगळं. पण तोंडात तेवढाच शब्द येतो. त्याला होकार समजू नका." शुभदाबाईंना हसावं की रडावं कळेना. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं साध्या कालवणालासुद्धा कधी धड बरं म्हटलं नाही, त्याच्या पदरात देवानं नेमका हाच शब्द टाकावा.

म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा प्रदीप बापाच्या खुर्चीपुढं उकिडवा बसला, तेव्हा पुढं काय होणार हे त्यांना ठाऊकच होतं.

"आण्णा, तांबडीला दुसरं इंजिन बसवू?"

"व्हय."

"का जुनंच दुरुस्त करू?"

"व्हय."

प्रदीप गुडघे झाडत उठला. चाकणच्या कारखान्यातनं तो आठ दिवसांची रजा काढून आला होता. "आई, आता तूच काय ते सांग."

तांबडी म्हणजे दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची विलायती गाडी. एका गिरणीच्या साहेबानं कधीकाळी हौसेनं आणलेली. पळण्यासाठीच बनवलेली, पण त्या काळच्या सोलापुरात पळून पळून जाणार कुठं, होटगीपर्यंत. गिरणी बंद पडली तेव्हा बंगल्यामागच्या छपरात तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. हणमंतचे वडील तिथंच फिटर होते. "न्यायची तर न्या," असं कुणीतरी म्हणालं आणि बापलेकांनी ती ढकलत घरी आणली. शुभदाबाई मोडनिंबहून लग्न होऊन आल्या तेव्हा ती आधीच अंगणात होती. शेजारणी तिला थोरली सवत म्हणायच्या. शुभदाबाई म्हणायच्या, सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मिस्त्रींनी तिची सीटं बदलली, वायरी बदलल्या, रंग तर तीनदा दिला. इंजिनाला मात्र हात लावू दिला नाही. दर रविवारी सकाळी सेल्फ मारायचा, इंजिन खोकलत, धडधडत सुरू झालं की खाली उतरून बॉनेटवर तळवा ठेवायचा, मान कलती करायची आणि थोडं ऐकून म्हणायचं, "बोलली." मग चहा. हा पस्तीस वर्षांचा रविवार होता.

आणि आता त्या इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर तडा गेला होता.

लेथवाले गुरुबसप्पा, मिस्त्रींचे जुने सोबती, तडा बघायला आले. चष्मा कपाळावर चढवून, नखानं तडा चाचपून ते ओट्यावर टेकले. "वैनी, ओतीव लोखंड हाय. वेल्डिंग धरत न्हाय. पन शिवता येतंय की. वळीनं भोकं पाडायची, एकाला एक लागून पितळी खिळं ठोकायचं. फाटकं पोतं शिवतो तसं."

"किती दिस लागतील, भावजी?"

"डोळं आता पयल्यासारखं न्हाईत. पावसाळा येईल. आन शिवलं म्हंजी चालंलच असं मी सांगत न्हाय."

"आणि मी म्हणतोय ते बसवलं तर?" प्रदीप म्हणाला. त्यानं एका मोडीत निघालेल्या गाडीचं चांगलं, चार वर्षांचं इंजिन हेरून ठेवलं होतं.

"तर पळंल की. परवाच पळंल." गुरुबसप्पांनी बशीत चहा ओतला. "मग हणमंत कुठल्या गाडीत बसला म्हनायचं, ते तू ठरिव."

"काका, पावसाळ्यापर्यंत आण्णा…" प्रदीप मध्येच थांबला. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती घातली होती. त्या घरात पुढच्या महिन्यांची नावं कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. व्हरांड्यातल्या खुर्चीतनं मिस्त्री दिवसभर तांबडीच्या छपराकडं बघत बसायचे, आणि एकदा तरी त्यांना तिच्यात बसवून फिरवून आणावं, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. जुनं शिवत बसलं तर वेळ हातातनं जाईल. दुसरं बसवलं तर रविवारी फेरी होईल, पण ती तांबडीची फेरी असेल का?

निवाडा शुभदाबाईंवर आला. त्या "उद्या सांगते" म्हणाल्या आणि ज्वारी निवडायला बसल्या. खडे कमी आणि आठवणी जास्त निघाल्या. कारण तडा कसा गेला हे त्यांनाच ठाऊक होतं. प्रदीप म्हणत होता, लोखंड म्हातारं झालं. त्यांनी ते म्हणू दिलं होतं.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांबरोबर इंजिनाचीही पूजा व्हायची. बॉनेट उघडून तांब्याभर पाण्यानं इंजिनाला अंघोळ, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि सगळ्यात शेवटी सेल्फ. क्रम ठरलेला. पाणी नेहमी शुभदाबाईंनी घालायचं, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूनं तांब्या त्यांच्या हातात दिला तो दिलाच. यंदाच्या नवमीला मात्र टाकीतलं पेट्रोल संपत आलं होतं. सणाला आलेला प्रदीप आधी तिला घेऊन पंपावर जाऊन आला. सिग्नलला तांबडी तापली, वाफा टाकतच अंगणात शिरली. बॉनेट उघडून तो हात धुवायला आत गेला. नळाला पाच दिवस पाणी आलं नव्हतं, बॅरलच्या तळाला गाळ. देवाच्या कामाला गाळ कसा वापरायचा, म्हणून शुभदाबाईंनी माठातलं गारेगार पाणी तांब्यात घेतलं.

व्हरांड्यात मिस्त्री खुर्चीत होते. त्या तांब्या घेऊन वळल्या तसे ते ओरडायला लागले. "व्हय. व्हय. व्हय." डावा हात खुर्चीवर आपटत, लाळ गळेपर्यंत, "व्हय, व्हय." झटक्यानंतर पहिल्यांदाच माणूस एवढा हुशारला होता. शुभदाबाईंना भरून आलं. "व्हय व्हय, घालते की," असं म्हणत त्यांनी तांब्या उपडा केला. वाफेचा लोट उठला आणि आत कुठंतरी टक् असं वाजलं. नखानं चिंचोका फोडावा तेवढंच.

तीन महिने ते टक् त्यांच्या कानात होतं.

दुपारी प्रदीप बाहेर गेल्यावर त्या खुर्चीपाशी गेल्या. भाताचा घास भरवता भरवता, जणू मिठाचं विचारावं तसं म्हणाल्या, "अहो. त्या दिवशी गार पाणी मी ओतलं. त्यानंच फुटलं ते."

"व्हय," मिस्त्री म्हणाले.

शुभदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "भात आणू अजून?"

"व्हय."

ताटात भात तसाच होता. कबुली द्यायला माणूस मिळावा आणि त्यानं ती भाताच्या भावात घ्यावी. त्यांनी तोंड पुसलं, आधी मिस्त्रींचं, मग स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदीपला सांगितलं, "बसव तुझं ते दुसरं. ह्यांना एकदा फिरवून आण." सांगितलेलं कारण खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, ते त्यांनी स्वतःलाही हळू आवाजात सांगितलं. तो तडा डोळ्यांपुढनं जावा.

सहा दिवस अंगणात ठोकाठोक चालली. जुनं इंजिन साखळीनं वर उचललं, तेव्हा तांबडीचं नाक हलकं होऊन वर आलं. प्रदीपनं ते छपराच्या कोपऱ्यात दोन फळ्यांवर ठेवून वर पोतं टाकलं. मिस्त्री बघत होते. त्यांना कुणी विचारलंही नाही.

रविवारी सकाळी प्रदीप आणि गुरुबसप्पांनी त्यांना उचलून तांबडीत बसवलं. शुभदाबाईंनी गुडघ्यांवर शाल टाकली, टोपी सारखी केली. बॉनेटपर्यंत आता हात पोचणार नव्हता, म्हणून मिस्त्रींनी डावा तळवा काचेखालच्या आतल्या पत्र्यावर ठेवला, मान कलती केली आणि वाट बघत बसले.

प्रदीपनं सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, शहाण्या जावयासारखं, आवाज न करता.

मिस्त्री वाट बघतच होते.

"आण्णा, चालू झाली की. निघायचं का?"

त्यांनी तळवा उचलला आणि जरा पलीकडं ठेवला. मग आणखी पलीकडं, अंधारात काडेपेटी चाचपावी तसा. गाडी हळूच पुढं सरकली तसा तो हात थांबला. ओठ हलले, जबडा वाकडा झाला, आणि कसलातरी अवघड बोल्ट सुटावा तसा शब्द बाहेर आला.

"न्हाय."

प्रदीपनं कचकन ब्रेक दाबला. "आई, ऐकलंस? आण्णा न्हाय म्हणाले." त्यानं तिथूनच शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. दीड वर्षात पहिला नवा शब्द. बाई पलीकडनं खुश झाल्या, म्हणाल्या, आता सुधारणा आहे. प्रदीपचे डोळे भरले होते. गुरुबसप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी शुभदाबाईंकडं बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

फेरी झालीच नाही. मिस्त्रींना पुन्हा खुर्चीत आणलं. पोरगा पेढे आणायला चौकात गेला. शुभदाबाईंनी खुर्ची व्हरांड्याकडं न नेता छपराच्या कोपऱ्यात नेली आणि इंजिनावरचं पोतं काढलं. मिस्त्रींचा डावा हात आपसूक पुढं गेला. थंड लोखंडावरनं फिरत फिरत बोटं तड्याशी आली आणि तिथं थांबली.

"चहा घेताय?" शुभदाबाईंनी विचारलं.

"न्हाय."

"ऊन लागतंय का?"

"न्हाय."

त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. आता विचारायला जागा होती, आणि म्हणूनच धीर होत नव्हता. "त्या दिवशी तुम्ही ओरडत होता. मला ओतू नको म्हणत होता का?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय."

अंगणात तांबडी उभी होती, पुसलेली, चकचकीत, निघायला तयार. शुभदाबाई फळीच्या कडेवर बसल्या. "भावजी," त्या तिथूनच म्हणाल्या, "ते भोकं पाडायचं उद्यापासनं सुरू करा. पावसाळ्यापर्यंत तर पावसाळ्यापर्यंत."

गुरुबसप्पांनी मान डोलावली.

मग त्या मिस्त्रींकडं वळल्या. "रागावलाय माझ्यावर?"

आता त्यांच्याजवळ दोन शब्द होते. त्यांनी त्यातला एकही वापरला नाही. बोटं तेवढी तड्यावर राहिली, आणि शुभदाबाई उत्तराची वाट बघत तशाच फळीवर बसून राहिल्या.