तीनशे बारावा अंगठा

तल रुम्मान गावच्या शाळेत मतपेटी उघडली, तेव्हा दुपारची नमाज आटोपली होती आणि जिल्ह्याची जीप यायला अजून तासभर होता. खोलीत दोघंच होते: शाळेचे मास्तर हिकमत, ज्यांना सरकारने मतदान अधिकारी नेमलं होतं, आणि गावाचे प्रमुख, मुख्तार नवाफ.

मतपत्रिका साधी होती. लष्करातून आलेले अध्यक्ष राहावेत असं वाटत असेल तर हिरव्या गोलात अंगठा, नको असतील तर करड्या. नवाफ एकेक कागद उलगडून "हिरवा" म्हणत आणि हिकमत वहीत रेघ ओढत. तीनशे अकरा हिरवे झाले. शेवटचा कागद उलगडला आणि नवाफनी तो तसाच मेजावर ठेवला. अंगठा करड्या गोलात होता.

शेजारच्या गावात गेल्या खेपेला दोन करडे निघाले होते आणि चौघांना उचलून नेलं होतं. इथे तर सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळली असती. फरहान विणकर गेल्या हिवाळ्यातच तुरुंगातून सुटून आला होता. त्याची मुलगी अजून चाळीस दिवसांचीही नव्हती.

"कोरा कागद द्या इकडे," नवाफ म्हणाले. "डोंगरावर गेलेल्या मेंढपाळांसाठी सकाळी चौदा अंगठे लावलेत, एकाने काय होतं? शाई अजून ओलीच आहे."

ते चौदा अंगठे लागत होते तेव्हा हिकमत खिडकीबाहेर पाहत राहिले होते. आता मात्र त्यांचा हात उठेना. आठच दिवसांपूर्वी शाळेच्या अंगणात डाळिंब लावायचं की तुती, यावर त्यांनी मुलांचं मतदान घेतलं होतं. हरलेली मुलं रुसून बसली, तेव्हा प्रत्येक कागदामागे एक माणूस असतो, असं त्यांनीच समजावलं होतं. पण फरहानही माणूसच होता.

तेवढ्यात चहाचे पेले न्यायला उम्म झैद, म्हणजे झैदची आई, आत आल्या. टेकडीवरच्या पिराच्या दर्ग्याची झाडलोट त्याच करत. त्यांनी मेजावरच्या कागदाकडे सहज पाहिलं. विळ्याने चिरलेल्या अंगठ्याची आडवी रेघ ठशात स्पष्ट उमटली होती.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "चुकलं का काही?"

नवाफनी कपाळाला हात लावला. हिरवा समोर असताना करडा का धरला, असं त्यांनी विचारलं.

"हिरव्यावर काळी शाई फासू? पिराच्या चादरीचा रंग तो. तुला चालत असेल, नवाफ, तू लहानपणी दर्ग्यातल्या मेणबत्त्या चोरायचास."

नवाफ इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी समजावलं, की खाला, हिरवा म्हणजे हो आणि करडा म्हणजे नाही. नवा कागद घे, देवाचं नाव घे आणि हिरव्यावर अंगठा टेकव, म्हणजे सगळेच सुटले. पण उम्म झैदनी हात ओढणीआड घेतला. शाई ती शाईच, त्या म्हणाल्या.

हिकमतना सकाळचं आठवलं. कुठे अंगठा लावू, असं या बाईने त्यांना विचारलं होतं, आणि आपण कुणाला सांगता कामा नये म्हणून ते गप्प राहिले होते. आपण नियम पाळला, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. प्रश्न काय आहे, हे तरी सांगायला हवं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, उम्म झैदना बसवलं आणि पहिलीच्या मुलाला विचारावं तसं सावकाश विचारलं, "खाला, रंग राहू दे. अध्यक्ष राहावेत, असं तुला वाटतं का?"

त्यांनी पेले एकात एक रचून बाजूला ठेवले. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या झैदला त्यांच्या शिपायांनी मेंढपाळांच्या छावणीतून नेलं, त्याला दोन वर्षं झाली. मी तीनदा शहरात गेले. तुरुंगाच्या फाटकावरचा पोरगा म्हणतो, असा कुणी माणूसच नाही. मग मी कुणाची आई? आधी माझा मुलगा दाखवा, मग राहा म्हणेन."

नवाफ उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "उस्ताद, चादरीचं तेवढं लिहा. म्हातारीची श्रद्धा म्हणून हसतील आणि सोडून देतील. फरहानही वाचेल. दुसरं काही तुम्ही ऐकलंच नाही."

बोलणं शहाणपणाचं होतं. हिकमतनी अहवालात तीनशे अकरा आणि एक असे आकडे भरले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, की करडा ठसा दर्ग्याच्या सेवेकरी उम्म झैद यांचा असून हिरव्या रंगाला शाई लावणं त्यांना अनुचित वाटलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," उम्म झैद म्हणाल्या. "आणि झैदचं?"

"ते लिहिलं तर तुला त्रास होईल, खाला. मलाही."

"तुझं तू बघ, बाळा. माझ्याकडून न्यायला आता राहिलंय काय?" त्या म्हणाल्या. "पण सरकारी कागदावर त्याचं नाव एकदा तरी येऊ दे."

बाहेर जीपचा आवाज आला. नवाफ दाराला पाठ लावून उभे राहिले. हिकमतनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि झैदच्या वडिलांचं, आजोबांचं नाव विचारलं, म्हणजे पूर्ण नाव बिनचूक लिहिता येईल.