घरटी एक शपथ

शनिवारी दुपारी सुतार आपल्या कारखान्यात चर्चच्या मोडक्या बाकाला नवा पाय बसवत होता. आतल्या खोलीत त्याची बायको नर्सचा पांढरा गणवेश इस्त्री करत होती, आणि तिच्या सासूबाई खिडकीशी बसून मोजे रफू करत होत्या. पाहणाऱ्याला वाटावं, किती निवांत घर! पण रस्त्यावर गाडी थांबली की तिघांचेही हात थांबत. गाडी पुढे गेली की तिघंही काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागत.

शेजारचा पाववाला ज्या चर्चमध्ये जाई, तिथल्या फादरनी उघड सांगितलं होतं, की सरकारच्या वर देवाचा कायदा आहे आणि त्याच्याविरुद्धचा हुकूम मानायचं बंधन माणसावर नाही. फादरना पोलिसांनी भरदिवसा गाडीत घालून नेलं. तेव्हापासून पाववाला गिऱ्हाइकाशी पावापलीकडे ब्र काढत नव्हता.

सुताराच्या मंडळीची, म्हणजे त्याच्या चर्चची, शिकवण निराळी. राज्यकर्ते देवानेच नेमलेले, त्यांची आज्ञा मोडली म्हणजे देवाची मोडली, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. बायको मात्र घरोघरी प्रार्थनेला जमणाऱ्या छोट्या मंडळीतली. ते लोक कर भरत, कायदा पाळत. पण शस्त्र धरत नसत, शपथ घेत नसत. एकाच्या श्रद्धेची हमी दुसऱ्याने द्यायची नाही, म्हणून बाप्तिस्मासुद्धा मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हाच. लग्नात यावरून दोन्ही बाजूंनी भरपूर थट्टा झाली होती. तेव्हा थट्टा परवडत होती.

आता सरकारने निष्ठेची शपथ काढली होती, आणि सुताराच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला मंडळीची जुनी रीत जोडली. घरातल्या कर्त्या पुरुषाने उभं राहून उजवा हात वर करायचा, की घरातल्या सगळ्यांची शपथ झाली. बायकांना कोणी विचारायचं नाही. केवढी ही सोय! सदसद्विवेकबुद्धीसुद्धा घरटी एक पुरत होती.

"उद्या चर्चमध्ये तू नुसती बस," सुतार दारात येऊन म्हणाला. "हात मी वर करतो. सुंठीवाचून खोकला जाईल."

"हात तुझा, पण शपथ माझी होणार ना?"

"अगं, त्यांनी तुला नेलं म्हणजे? मला झोप लागत नाही."

"मला तरी कुठे लागते? आज वॉर्डात इंजेक्शन द्यायला गेले, तर पेशंटच मला म्हणाला, घाबरू नका."

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. "पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही."

सून परत इस्त्री फिरवू लागली. सुताराने त्याचा अर्थ होकार असा घेतला. भ्यालेल्या माणसाला हवा तोच अर्थ सापडतो.

रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर पोलीस अधिकारी बसला होता. पाळकसाहेबांच्याही पाचावर धारण बसली होती. एकेक कर्ता उठत होता, हात वर करत होता. सुताराचीही पाळी आली.

"सहकुटुंब?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"सहकुटुंब," सुतार हात वर करून म्हणाला.

त्याच्या शेजारी त्याची बायको उभी राहिली. तिने पुढचा बाक घट्ट धरला होता.

"पाळकसाहेब, मी शपथ घेतलेली नाही. राज्याचं मी वाईट करणार नाही. उद्या जखमी शिपाई आला तर त्याचीही जखम धुईन. पण माझ्या वतीने हात कोणी वर करायचा नाही. नवऱ्यानेसुद्धा."

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाचवायला तो जे सुचेल ते बोलून गेला, "साहेब, लक्ष देऊ नका. हिचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं."

"असं?" अधिकारी वळला. "मग हिच्या हाती रोगी कोणी दिले? हिला वेड्यांच्या इस्पितळातच ठेवायला हवं."

सुतार गारठला. आपल्याच तोंडाने त्याने बायकोला खड्ड्यात लोटलं होतं. तेवढ्यात सासूबाई बाकाचा आधार घेत उठल्या.

"डोकं ठिकाणावर आहे तिचं. माझा मुलगा भ्यालाय, साहेब. मीही भ्यालेय. राज्यकर्ता देवाने नेमलाय, हे मी आजही मानते. पण नेमताना देवाने आमची मनं त्याच्या नावावर करून दिलेली नाहीत." मग त्या मुलाकडे वळल्या. "माझ्यासाठी वर केलेला हात खाली घे, बाळा."

सुताराने हात खाली घेतला.

"माझी शपथ माझ्यापुरती," तो म्हणाला. "यांचं यांना विचारा. आणि मघाशी मी खोटं बोललो."

अधिकाऱ्याने दाराकडे बोट केलं. तिघंही निघाली. सासूबाईंना पायऱ्या उतरताना सुनेने हात दिला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आत सगळ्यांनी ऐकला. एकही माणूस जागचा हलला नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

पाळकसाहेबांनी कापऱ्या आवाजात पुढच्या घराला हाक मारली. कर्ता उठला. इतकी वर्षं संसार केला, पण जे त्याने कधीच केलं नव्हतं ते त्या क्षणी त्याच्याकडून झालं. हात वर करण्याआधी तो बायकोकडे वाकला आणि भीत भीत म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"