फरार लुमिंग

"तेओफिलो माग्बानुआ!"

शिपायाने पुकारा केला तेव्हा मी भिंतीवरचा बंद पंखा बघत बसलो होतो.

"तेओफिलो माग्बानुआ!"

नेनिंगने, माझ्या बायकोने, कोपर मारलं. "ए म्हाताऱ्या, तुझंच नाव ते!"

एकोणतीस वर्षं डोंगरात बंडखोरांबरोबर मी बाल्डो होतो. खरं नाव विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. खाली उतरून सात वर्षं झाली, तरी तेओफिलो म्हटलं की दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखं वाटतं. मागच्या तारखेला असाच बसून राहिलो आणि गैरहजर लागलो. आजही लागलो असतो तर जामीन रद्द होऊन थेट तुरुंग.

मी उठलो.

"लोलो, ऐकू येत नाही का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. आमच्याकडे आजोबांना लोलो म्हणतात.

"येतं, बाई. ओळखू येत नाही."

मागे कुणीतरी हसलं.

माझ्या वकीलबाईंनी पावती दाखवली. माफी आयोगाकडे माझा अर्ज पोचला होता. त्याचा निकाल लागेपर्यंत खटला थांबवावा, असं त्या म्हणाल्या.

अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. केलेलं कबूल केल्याशिवाय माफी मिळत नाही. 'पुलावरच्या चकमकीत मी होतो' एवढं लिहायला अख्खी सकाळ गेली. अक्षरं मला डोंगरात लुमिंगने शिकवली. मी तेव्हा चव्वेचाळीसचा, ती विशीतली. भाताच्या भांड्याची काजळी बोटावर घेऊन केळीच्या पानावर ती गिरवून घ्यायची.

"मानोंग, तुमच्या या 'बी'चं पोट बघा, आठवा महिना लागलाय वाटतं!" म्हणून खो खो हसायची. मानोंग म्हणजे दादा.

पुलावर ती माझ्या शेजारीच गोळी लागून पडली. आम्ही तिला फणसाखाली पुरलं.

"तेओफिलो माग्बानुआ यांच्यावरचा खटला स्थगित," न्यायाधीशबाई म्हणाल्या. नेनिंगने छातीवर क्रूसाची खूण केली. "आणखी कोण आहे यात?"

"एकच," कारकून म्हणाला. "टोपणनाव लुमिंग. फरार."

"ती वारली, बाई," मी म्हणालो.

"मृत्यूचा दाखला?"

"खरं नाव माहीत नाही. दाखला कुणाच्या नावाने काढू?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दाखला नाही, अर्जही नाही. तिच्यावरचा खटला थांबवता येणार नाही, लोलो. बसा तुम्ही." मग शिपायाला म्हणाल्या, "पुकारा करा."

मी बसलो.

"लुमिंग!" शिपाई दाराशी जाऊन ओरडला. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी शेंगदाणे विकत होतं.

"लुमिंग!"

तिसऱ्या हाकेला मी उभा होतो. कधी उठलो ते कळलं नाही.

"लोलो, तुमचं झालंय," कारकून म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

या वेळी नेनिंगने कोपर मारलं नाही. कारकुनाने मान खाली घातली आणि लिहायला लागला. त्याचं 'गैरहजर' लिहून होईपर्यंत मी टोपी हातात धरून उभा राहिलो.