इलियाचा मूतखडा

रेझाकाकूने टेबलावर दोनच पेले ठेवले, एक स्वतःला, एक तिच्या मुलाला, तिहोमीरला. तिसरी मी. सावा नदीकाठच्या आमच्या गावात दारात पोलीस आला तरी आधी त्याला आलुबुखाराची दारू विचारतात.

"बस हवं तर," ती मला म्हणाली. "माझ्या पोराशी लग्नाचं मात्र बोलायचं नाही. तुझी आई तशी गेली, दोन्ही मामा तसेच. सडकं रक्त आहे तुमचं. माझ्या घरात नको."

"रक्ताचंच बोलायला आलेय," मी म्हणाले आणि पिशवीतून कागद काढला.

मी झाग्रेबच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या गाठी तपासते. आमच्याकडे माणसांची मूत्रपिंडं आटतात, मग मूत्रनलिकेत गाठ होते. काही घरांतच होते, म्हणून गावाने रक्ताला दोष दिला. पण गाठीच्या जनुकांत काय बदललंय ते आता वाचता येतं. तंबाखूची खूण वेगळी, कडक उन्हाची वेगळी. जनुकं चार अक्षरांत लिहिलेली असतात; आमच्या गाठींत पुन्हा पुन्हा एकच बदल सापडतो: 'ए' या अक्षराच्या जागी 'टी'. ही खूण एका तणाच्या विषाची. त्याला आम्ही लांडग्याचं पाऊल म्हणतो. ते गव्हात उगवतं आणि त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जातं.

"कोणाचा कागद हा?"

"इलियाकाकांचा."

"माझा नवरा मूतखड्याने गेला. अकरा वर्षं झाली."

"मूतखडा नव्हता, आई," तिहोमीर म्हणाला. "तुलाही माहितेय. इस्पितळात त्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला होता. तपासायला सही मी दिली."

"बापाला कबरीतून उकरलंस. हिच्यासाठी."

"कपाटातून काढलं, आई."

"अक्कल शिकवू नकोस मला."

मी बोट ठेवून दाखवलं. "हे बघा काकू. गाठीत खूण आहे, तिच्या शेजारच्या निरोगी भागात नाही. बापजाद्यांकडून आली असती तर दोन्हीकडे असती. माझ्या आईचंही अगदी असंच आहे."

"म्हणजे इलियाचंही रक्त सडकं. मग माझ्या पोराचंही. झकास. दोघं मिळून रोगट पोरं काढा."

"रक्त नाही, काकू. पाव."

"कोणाचा पाव?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण आठ महिने ती मला चर्चच्या दारात सगळ्यांसमोर 'सडकी' म्हणत होती.

"तुमचा," मी म्हणाले. "काका बाहेरचा पाव तोंडात घेत नसत. तुम्हीच गावभर सांगायचात."

मला वाटलं होतं, मुलाच्या रक्तात दोष नाही हे ऐकून तिला हायसं वाटेल. तिचा चेहरा पाहिल्यावर हिशेब कुठे चुकला ते कळलं. रक्त वाईट असेल तर दोष देवाचा. गहू मात्र ती निवडायची, स्वतःच्या हातांनी, लग्न झाल्यापासून.

"तो कागद चुलीत घाल," ती म्हणाली. "आमचं रक्त सडकं होतं. इलियाचं, त्याच्या बापाचंही. गावाला हेच सांगेन मी. आणि तिहोमीर, हिच्याशी लग्न केलंस तर हे घर तुला बंद."

तिहोमीर उठला. "शनिवारी पाद्रींकडून तारीख घेतोय. यायचं तर ये."

"नाही येणार."

"बरं."

आम्ही अंगणात पोचलो तोवर ती उंबऱ्यात आली होती.

"तिहोमीर, ते बी केवढं असतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ते गव्हाच्या दाण्याहून मोठं असतं, चपटं, त्रिकोणी. निवडताना हाताला लागतं. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर बाटलीभर आहे.

"बारीक असतं," मी म्हणाले. "निवडून सापडलं नसतं."

"तुला नाही विचारलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.