एवढा एकच लेयर

लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसून पोट भरणाऱ्या माणसाचं लोक तोंडभर कौतुक करतात आणि त्याला तितकंच गृहीतही धरतात. स्टुडिओतल्या ताईचं तसंच होतं. मुरूम, सुरकुत्या, सुटलेली पोटं, सगळं तिच्या माऊसखाली गुमान नाहीसं व्हायचं. धाकट्या बहिणीचा नवरा तर तिला हक्काचीच समजायचा.

त्या दिवशी तो खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाला. "ताई, माझ्या आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. मागे तुम्ही आमचा घरच्यांचा फोटो केला होता ना, तोच माणसाएवढा करून द्या. हॉलच्या दारात लावायचाय. आणि तुमच्या बहिणीला जरा समजवा. त्या दिवशी चार माणसांत घरी परत येऊ दे, म्हणजे विषय मिटला."

धाकटी माहेरी निघून आली होती. नवरा मारतो, असं ती सांगत होती आणि कोणी मनावर घेत नव्हतं. जावई साखर पेरल्यासारखा बोलणारा, सासूला स्वतः दवाखान्यात नेऊन आणणारा. "त्यांचा कधी आवाजसुद्धा चढत नाही, तूच तिखट आहेस," असं आई धाकटीलाच सुनवायची. समारंभ आटोपला की तिला तिथूनच सासरी पाठवायचं, हे घरात ठरूनही गेलं होतं. धाकटी ताईला एवढंच म्हणाली होती, "ताई, या वेळी गेले तर मी जिवंत राहीन असं वाटत नाही मला."

तो गेल्यावर ताईने जुनी फाइल उघडली. मूळ फोटोला ती कधी हात लावत नसे. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर, फोटोवर एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तशी. एखादा कागद उचलला की तेवढीच दुरुस्ती जाते, बाकीच्या जिथल्या तिथे राहतात. ओळखू यावं म्हणून ती प्रत्येक लेयरला नाव द्यायची. सासऱ्यांचं टक्कल, जावयाचं पोट, जावयाचे दात आणि सगळ्यांत वर, धाकटीची मान.

तिथे ताई थांबली. तिला आठवलं. "कपाटाचं दार लागलंय तिला, तेवढं साफ करा," असं तो तेव्हा सहज म्हणाला होता. कामाचा ढीग पडलेला, ताईने मान वर न करता साफ करून टाकलं होतं. आता तिने तेवढा एक लेयर बंद केला आणि चित्र मोठं केलं. कानाखाली एका ओळीत चार निळसर वळ, आणि गळ्याच्या दुसऱ्या बाजूला पाचवा, जाडसर.

कपाटाच्या दाराला बोटं नसतात.

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने गळा धरला आणि तिने, सख्ख्या बहिणीने, त्याची बोटं पुसून दिली. तिने धाकटीला फोन लावला आणि काय सापडलं, काय करायचं मनात आहे, ते सगळं सांगितलं.

धाकटी म्हणाली, "मी बोलून बोलून थकले. आता फोटोलाच बोलू दे."

ताईने तो लेयर बंदच ठेवला. बाकी कशालाही धक्का लावला नाही. उलट जावयाचे दात आणखी थोडे उजळले, पोट आणखी आत घेतलं. सूड घ्यायचा तर कामात खोट कशाला ठेवायची? आता एकच अडचण होती. गिऱ्हाइकाने स्वतः बघून पास केल्याशिवाय स्टुडिओतून काही छापायला जात नसे. पण इतकी वर्षं गिऱ्हाइकं बघून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. घोळक्याच्या फोटोत माणूस फक्त स्वतःला शोधतो.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून पडद्यासमोर बसवलं. सगळा फोटो उघडा होता, धाकटीची मान त्याच्या नाकासमोर.

"केस जरा काळे करा ना," तो म्हणाला.

तिने केले.

"हनुवटी अजून थोडी?"

तीही झाली. "सगळे नीट बघून घ्या हं," ताई म्हणाली. "मागाहून तक्रार नको."

"बघितलं की. झकास." त्याने पास म्हणून सही ठोकली आणि शीळ घालत निघून गेला.

समारंभाच्या दिवशी फोटो हॉलच्या दारात उभा होता. येणारा प्रत्येक जण हसत जवळ जायचा आणि हसू आवरतं घेऊन बाजूला व्हायचा. बायका कुजबुजायला लागल्या. आई चष्मा लावून फोटोपुढे गेली आणि तिथेच खिळली. काय चाललंय ते बघायला जावई लगबगीने आला. त्याची नजर पहिल्यांदाच बायकोच्या मानेवर गेली आणि तोंडावरची साखर पार विरघळली.

त्याला सहज म्हणता आलं असतं की हे ताईने रंगवलंय. ताईला भीती होती ती त्याचीच. पण राग अकलेच्या पुढे धावला.

"हे कशाला परत आणलंत?" तो ताईवर ओरडला. "तेव्हा काढून टाकलं होतं ना हे? मी स्वतः सांगून काढायला लावलं होतं!"

स्वतःचे शब्द स्वतःच्या कानावर पडल्यावर त्याने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

आईने चष्मा काढला. "काय काढायला लावलं होतं, जावईबापू?" तिने विचारलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

तो ताईकडे बघू लागला, तिने सावरून घ्यावं म्हणून. ताई हाताची घडी घालून उभी राहिली.

"सांगा ना," ती म्हणाली. "सगळे थांबलेत."